मूठमाती

आपल्या भाषेने मातीवर फारसा लोभ दाखवलेला नाही. पैसा बुडाला की त्याची माती होते, पोर वाया गेले की जन्माची माती होते, आणि एखादी रूढी कायमची संपवायची तर तिला मूठमाती द्यायची! बुरशीचे तर नावच नको. लोणच्याच्या बरणीत तिचा पांढरा ठिपका दिसला की घरात दुखवट्याची शांतता पसरते.

मी मराठीचा अध्यापक. वाक्प्रचार शिकवणे हा माझा व्यवसाय. पण पोर्तो रिकोमधल्या पाइनच्या रोपांची हकिगत वाचल्यापासून ‘मूठमाती’ हा शब्द फळ्यावर लिहिताना हात जरा अडखळतो.

कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर पाइन मुळात उगवत नाही. तो लावण्याचे प्रयोग विसाव्या शतकात अनेक वर्षे चालले. बी रुजे, रोप वर येई, आणि मग पिवळे पडून खुरटे. ऊन होते, पाऊस होता, तरी रोपे मरत. अखेर 1955 साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामधून पाइनच्या झाडांखालची माती आणून काही खुरटलेल्या रोपांच्या मुळाशी मिसळण्यात आली. वर्षभरात ती सुमारे दीड मीटर उंच झाली! शेजारची, माती न मिळालेली, खुरटीच राहिली आणि बहुतेक मेली.

त्या मातीत काय होते? बुरशी! पाइनच्या कोवळ्या मुळांवर ती पायमोज्यासारखी चढते आणि आपले तंतू दूरवर पसरते. मूळ जिथे शिरू शकत नाही, अशा सांदीकोपऱ्यातून पाणी, स्फुरद आणि नत्र ती रोपाला आणून देते. मोबदला म्हणून रोप पानांत तयार केलेल्या साखरेतला वाटा तिला देते. उधारी नाही, उपकार नाही, रोखठोक संसार!

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक याने 1885 साली या जोडीला ‘मायकोरायझा’, म्हणजे ‘बुरशी-मूळ’, असे नाव दिले. पुढे त्याने पाइनची रोपे दोन प्रकारच्या मातीत वाढवून पाहिली. एक माती जंगलातली, जशीच्या तशी. दुसरी तापवून निर्जंतुक केलेली. स्वच्छ मातीतली रोपे मागे पडली.

या संसारात मध्यस्थही असतात. फ्रान्समध्ये डग्लस फरच्या रोपांवर काम करताना झाँ गार्बे यांना असे जीवाणू आढळले, की ते मातीत असले म्हणजे बुरशीची मुळाशी गाठ लवकर पडते. 1994 साली त्यांनी या ‘साहाय्यक जीवाणूं’विषयी सविस्तर लिहिले. सगळेच जीवाणू असे परोपकारी नसतात. काही मोडतेही घालतात. सोयरिकी जमवणारी मंडळी आणि मोडणारी मंडळी एकाच आळीत राहतात, हे आपल्याला नवे नाही.

सरळसोट उभे असलेले झाड पाहिले की आपल्याला स्वावलंबन आठवते. थोरांच्या चरित्रांत तर ‘कोणाच्याही मदतीवाचून’ हे शब्द हमखास असतात. मला आता तिथे वाटते, याच्या मुळाशी कोण होते? फी भरणारा मामा? वार लावून जेवू घालणारी शेजारीण? पानांची छायाचित्रे निघतात. मुळांची कोण काढतो?

दर जूनमध्ये खेड्यातून एखादा हुशार मुलगा कॉलेजात येतो. बुद्धी असते, शिष्यवृत्ती असते, वसतिगृहात खोली असते; आणि दिवाळीपर्यंत तो गप्प गप्प होतो. आपण त्याला आणखी पुस्तके देतो, जादा तास घेतो. खत वाढवतो म्हणा ना!

अलीकडे मी आधी त्याच्या तालुक्यातला वरच्या वर्गातला एखादा मुलगा शोधून काढतो आणि दोघांना चहाला घरी बोलावतो. त्यांच्या बोलीत गप्पा सुरू झाल्या, की मी आत निघून जातो. मूठभर माती टाकून झालेली असते. पुढचे काम तिचे.