रानाची थकबाकी

बँकेच्या एखाद्या खात्यावर दोन वर्षं काही उलाढाल झाली नाही, की ते खातं 'निष्क्रिय' म्हणून बाजूला काढतात. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही, तर आतली रक्कम रिझर्व्ह बँकेनं २०१४ साली काढलेल्या एका निधीत जाऊन पडते. मालक किंवा त्याचा वारस केव्हाही येऊन ती मागू शकतो. सांगायचा मुद्दा असा, की निष्क्रिय खातं कोणाला त्रास देत नाही. बिचारं पडून असतं.

कोकणातल्या जमिनीचं तसं नाही. तिथं मालक निष्क्रिय झाला की जमीन सक्रिय होते.

आमची बत्तीस गुंठे जमीन कुडाळच्या पुढे, एका वाडीच्या टोकाला आहे. सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत, त्यांपैकी चार स्वर्गवासी. उरलेले पाच डोंबिवली ते बोरिवली या पट्ट्यात विखुरलेले. या खात्यावर शेवटची उलाढाल २००२ सालच्या मे महिन्यात झाली, आणि ती उलाढाल म्हणजे माझे बाबा आणि धाकटे काका यांचं भांडण.

भांडण फणसावरून. आमच्या आणि काकांच्या जमिनीमध्ये जांभ्या दगडाचा गडगा आहे, आणि त्या गडग्याला बरोबर चिकटून हा फणस. त्या वर्षी त्याला अकरा फणस लागले. दहा लागले असते तर आमच्या घराण्याचा इतिहास वेगळा झाला असता. बाबा म्हणाले, मी थोरला, सहा माझे. काका म्हणाले, वर्षभर माकडं मी हाकतो, सहा माझे. मी बी.कॉम. असल्यामुळे अकराव्या फणसाचे दोन समान भाग करावेत अशी सूचना मांडली. तीही फसली, कारण फणस कापा नव्हता, बरका होता. बरका फणस कापून वाटता येत नाही, त्याचा फक्त चिकट पसारा होतो. तो अकरावा फणस गडग्यावर बसून बसून सडला आणि बाबांनी गावाचं नाव टाकलं. २०१७ साली काका गेले, तेव्हासुद्धा बाबा गेले नाहीत. त्या दिवशी ते जेवले मात्र नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

एवढ्या अवधीत जमिनीवर काय चाललं होतं याची आम्हाला कल्पना नव्हती. ती २०२४ च्या मार्चमध्ये फोनवरून आली.

"मी आबा. तुमच्या रानातसून आग माझ्या काजीत इली. चवदा झाडां गेली."

आबादादा म्हणजे काकांचा मुलगा. बावीस वर्षांनी त्याचा आवाज ऐकला तो असा. कुठूनतरी वणवा आला, आमच्या जमिनीत शिरला, आणि तिथं त्याची उत्तम सोय होती. माणसाच्या वर वाढलेली रानमोडी, त्यात गुंतलेली घाणेरी, वर वाळक्या वेलींचं छत. रानमोडी फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळून काडी होते आणि काडेपेटीतल्या काडीसारखीच वागते. आमच्याकडे जळण्याजोगं दुसरं काही नव्हतं म्हणून आमचं नुकसान शून्य. नुकसान ज्याचा गडगा आमच्या गडग्याला लागून होता त्याचं.

मी चाचरत भरपाईचं काही बोलू लागलो. आबादादा म्हणाला, "पैसे नको. रान काढ." आणि फोन ठेवला. बँकेत इतक्या कमी शब्दांत वसुलीची नोटीस देणारा माणूस मी पाहिलेला नाही.

आता रान काढायचं म्हणजे काय करायचं? माझा बागकामाचा अनुभव म्हणजे गॅलरीतली तुळस, आणि तिलाही पाणी ही घालते. मी अमेरिकेतल्या भाच्याला विचारलं. त्यानं ताबडतोब एक चित्रफीत पाठवली. ती पाहून मी पंधरा मिनिटं चहा विसरलो. एक अवाढव्य यंत्र. पुढे आडवा लोखंडी रूळ, त्यावर ओळीनं पोलादी दात. तो रूळ मिनिटाला दीड-दोन हजार फेरे घेतो. यंत्र झुडपासमोर जातं, वरून खाली टेकतं, आणि उभं झुडूप जागच्या जागी भुगा! मनगटापासून मांडीइतकी जाड झाडंसुद्धा. उपटायचं नाही, ढीग लावायचा नाही, पेटवायचं तर नाहीच. तोच भुगा जमिनीवर अंथरुणासारखा पसरतो. जमिनीतली ओल टिकते, पावसानं माती वाहून जात नाही, खालच्या बियांना ऊन मिळत नाही म्हणून तण कमी उगवतं. तिकडे याला वनातलं मल्चिंग म्हणतात. मला गंमत वाटली. घाणेरी आणि रानमोडी दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. घाणेरी तर इंग्रजांनी १९ व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी म्हणून आणली. म्हणजे अमेरिकेचं रान आमच्याकडे, आमचा भाचा अमेरिकेत, आणि रान काढायचं यंत्रही तिकडेच. परराष्ट्र व्यापार हा विषय मला कॉलेजात कधी कळला नव्हता, तो इथं कळला.

तसलं यंत्र काही मला आपल्याकडे मिळालं नाही. पण घाटावर उसाचं पाचट कुटायला ट्रॅक्टरमागे लावतात तो मल्चर असतो, असं कळलं. दिवाळी झाल्यावर मी आठ दिवसांची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. "रान," मी म्हणालो. त्यांनी अर्जावर 'कौटुंबिक' असं लिहिलं. ते किती बरोबर होतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मल्चरवाला मोटरसायकलवरून जागा बघायला आला. रानाकडे त्यानं पाहिलंच नाही. त्यानं टाचेनं जमिनीवर ठोकलं. खण्ण आवाज आला. पुन्हा दोन पावलांवर ठोकलं. खण्ण. "साहेब," तो म्हणाला, "उसाचं पाचट वेगळं आणि ह्ये वेगळं. ह्या रानात दगड हाईत का दगडात रान हाय, त्ये आधी ठरवा." चहा घेऊन तो सरळ घाटाकडे परतला. आगाऊ रक्कम द्यायला काढलेलं माझं पाकीट हातातच राहिलं.

मग गडग्यापलीकडून आबादादा आला. केस पिकले होते, पण चालणं हुबेहूब काकांसारखं. मी त्याला मोबाइलवर ती चित्रफीत दाखवली. त्यानं ती शांतपणे शेवटपर्यंत पाहिली.

"ही मशीन दगड खाता काय?"

"नाही."

"मगे हंय उपाशी मरात."

ज्याला सारा महाराष्ट्र इंग्रजीतल्या तीन अक्षरांनी ओळखतो, ते पिवळं खोदयंत्र आणू या का, मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, "तो सगळी माती खरवडतलो. मिरगाचो पाऊस ती व्हाळात नेतलो. मगे तू व्हाळाचो सातबारो काढ." हे मला पटलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, खाली कातळ आणि मध्ये हातभर माती. त्या हातभर मातीवरच आमची नऊ नावं उभी होती. पेटवून देण्याबद्दल मी विचारणार होतो, पण पलीकडे चौदा काळे बुंधे दिसत होते. विचारलं नाही.

शेवटी जे यंत्र मिळालं ते असं : पाच गडी, दोन ग्रासकटर, कोयते, कुदळी आणि आबादादा. ग्रासकटरला त्यांनी दोरीऐवजी पोलादी पातं लावलं होतं. ते पट्ट्यानं खांद्याला अडकवून डावी-उजवीकडे फिरवत माणसं रानात शिरली आणि मी त्या आवाजात पाठीमागून निष्कारण "सावकाश! सावकाश!" ओरडत राहिलो.

मुहूर्त मात्र मी नकळत उत्तम साधला होता. रानमोडीनं कळ्या धरल्या होत्या, फुलली नव्हती. एकदा फुलली की तिचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं आणि तुम्ही कापताय असं समजून पेरत असता. घाणेरीचं बी पक्षी नेतात, म्हणून ती नुसती कापून भागत नाही. कुदळीनं गड्डा काढावा लागतो, नाहीतर जूनमध्ये दुप्पट फुटते. अगदी आमच्या कर्जदारांसारखी. वरचं व्याज भरतात, मुद्दल जमिनीखाली शाबूत.

मीही कोयता हाती घेतला. पहिल्या तासात मी एकूण तीन झुडपं आणि एक धोतर कापलं. धोतर आबादादाचं, वाळत घातलेलं. दुसऱ्या तासाला एक मखमली, सोनेरी लव असलेली शेंग दिसली. फार सुंदर होती, म्हणून हातात घेतली. ती खाजकुयली निघाली. पुढचा अर्धा तास मी जे नृत्य केलं ते पाहायला शेजारच्या वाडीतूनही माणसं आली. आबादादानं न हसता माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत शेण फासलं. खाज शमली. पण हिचा फोन आला तेव्हा तो घ्यायला दुसऱ्याला सांगावं लागलं, आणि त्यानं "साहेब शेणात हत" असा खुलासा केला.

कापलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न मला पडला होता. आबादादाला पडला नव्हता. तो बसल्या बसल्या कोयत्यानं फांद्यांचे हातभर तुकडे करत होता आणि गडी ते आंब्या-काजूच्या बुडाशी पसरत होते. "बुंध्याक लावू नको," तो मला म्हणाला, "वाळवी येयत. हातभर लांब ठेव." मी क्षणभर थांबलो. भाच्याच्या चित्रफितीतलं ते अवाढव्य यंत्र जे करत होतं, तेच हा माणूस मांडी घालून करत होता. फक्त मिनिटाला दीड हजार फेऱ्यांऐवजी मिनिटाला पंधरा.

"हे तू कुठं शिकलास?"

"बापूस करी."

पाचव्या दिवशी गडगा संपूर्ण दिसला. बाव सापडली, तिच्या काठावर आजीचा पाटा सापडला. आणि गडग्याच्या ज्या टोकाला फणस असायला हवा होता तिथं आकाश होतं. मी दोनदा इकडून तिकडे चाललो. बत्तीस गुंठ्यांत फणस हरवत नाही.

"आबादादा, फणस?"

"तो २००९ च्या फयानात पडलो."

म्हणजे पंधरा वर्षं. ज्या झाडावरून आमचं बोलणं बंद होतं ते झाड पंधरा वर्षं नव्हतंच. बाबा दर मे महिन्यात डोंबिवलीच्या गॅलरीत बसून ज्याचा हिशेब करायचे, ते शिल्लकच नव्हतं. "मग कळवलं का नाही?" मी विचारलं.

आबादादानं कोयत्याची धार अंगठ्यानं पाहिली. "बापूस म्हणालो, दादाक कळवू नको. तेका वायट वाटात."

मग तो मला त्याच्या मांगरात घेऊन गेला. माळ्यावर पोत्यांखाली फणसाच्या पिवळ्या फळ्या होत्या. वादळानंतर काकांनी झाड करवतून घेतलं होतं. फळ्या किती निघाव्यात? अकरा. पाच त्यांनी वापरल्या, आबादादाच्या घराचं दार त्यांचंच आहे. उरलेल्या माळ्यावर. प्रत्येकीवर कोळशानं 'दादा' लिहिलेलं. मी कॅशिअरच्या सवयीनं दोनदा मोजल्या. सहा होत्या.

संध्याकाळी बाबांना फोन केला. रान निघालं, गडगा दिसला, बाव आहे, असं सगळं सांगून झालं. ते नुसतं हं हं करत होते. शेवटी म्हणाले, "फणस?"

"पडला, बाबा. फयान वादळात."

बराच वेळ काही नाही. मग, "कुठल्या बाजूला पडला?"

या प्रश्नाला मी कितीही हसलो तरी तो त्यांचा मुद्द्याचा प्रश्न होता. मी त्यांना फळ्यांचं सांगितलं.

"किती म्हणालास?"

"सहा."

पुन्हा शांतता. "मोजल्यास ना नीट?" त्यांचा आवाज काही बरोबर नव्हता. पोट बिघडलं असावं.

फळ्या आगगाडीनं आणायचा माझा बेत बाबांनी हाणून पाडला. "माझ्या फळ्यांना हात लावू नकोस. मी येऊन बघेन," असं ते म्हणाले. वय वर्षं ७९. गुडघे दोन्ही नादुरुस्त.

रान काढणं हे एकदा करून मोकळं व्हायचं काम आहे असं मला वाटत होतं. जूनमध्ये पाऊस पडला आणि आबादादाचा फोन आला. काजीच्या बुडाशी जिथं जाड थर होता तिथं जवळजवळ काही उगवलं नव्हतं. जिथं पातळ होता तिथं रानमोडी गुडघ्याला लागली होती. निदान तीन वर्षं तरी दर दिवाळीनंतर, फुलायच्या आत, कोणीतरी जाऊन उभं राहायला हवं. यंत्रानं झुडपाचा भुगा होतो, पण मालक तिथं नसण्याचा भुगा करणारं यंत्र अमेरिकेतही निघालेलं नसावं.

तेव्हा मी पुन्हा रजेचा अर्ज टाकला आहे. तिकिटं दोन काढली आहेत, बाबांचं खालच्या बर्थचं. साहेबांनी या वेळी कारण विचारलं नाही. त्यांचीही लांज्याला वीस गुंठे जमीन आहे. त्यांनी फक्त दार लोटून घेतलं आणि ग्रासकटरचं दिवसाचं भाडं काय पडतं, ते विचारलं.