जखऱ्याची पाटी

संत लूकच्या शुभवर्तमानातील जखऱ्याची हकीकत आपण सर्वांनी आगमनकाळात अनेकदा ऐकली आहे. बाळाचे नाव काय ठेवावे यावरून नातलगांत आणि शेजाऱ्यांत खल चालला होता. बापाचेच नाव मुलाला द्यावे असे बहुतेकांचे मत होते. वाचा गेलेल्या बापाने पाटी मागवली, तिच्यावर ‘योहान’ हे नाव लिहिले आणि साऱ्यांचा निर्णय बाजूला पडला. ह्या हकीकतीतील एक बारीक गोष्ट मात्र आपल्या कानांवरून निसटून जाते. देवदूताने जखऱ्याला सांगितले होते ते एवढेच, की तुला बोलता येणार नाही. असे असूनही जमलेली माणसे त्याला तोंडाने न विचारता खुणा करून विचारतात! जो बोलत नाही त्याला ऐकूही येत नसावे, आणि समजत तर नसणारच, असे आपण माणसे किती सहज गृहीत धरतो.

आजच्या काळातील जखऱ्याची पाटी वाचा-उपचार केंद्रांत पाहावयास मिळते. पुठ्ठ्यावर किंवा जाड कागदावर चौकोन आखलेले असतात, प्रत्येक चौकोनात एक चित्र आणि त्याखाली शब्द. ज्या मुलाला मेंदूच्या पक्षाघातामुळे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीमुळे, जीभ व ओठ वळवता येत नाहीत, ज्याला स्वमग्नतेमुळे शब्द सापडत नाहीत, किंवा ज्या आजोबांची वाचा अर्धांगवायूच्या झटक्याने गेली आहे, ती व्यक्ती बोटाने, मुठीने किंवा नुसत्या नजरेने चित्र दाखवते आणि समोरचा माणूस ते मोठ्याने उच्चारतो. ह्याला संवादफलक म्हणतात. दिसायला साधी असलेली ही वस्तू घरात आली, की घरातील अधिकाराची घडी कशी विस्कटते, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

चांदवड हे मुंबई-आग्रा महामार्गावरील तालुक्याचे गाव नाशिकपासून सुमारे 65 किलोमीटरवर आहे. त्या भागातील आमच्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबातील मुलीला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आहे. तिची आई तिला कडेवर घेऊन महिन्यातून दोनदा एस.टी.ने नाशिकला थेरपीसाठी नेत असे. कांदा काढणीच्या दिवसांत एक दिवसाचा खाडा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा उपचारतज्ज्ञ बाईंनी फलकाची गोष्ट काढली. आई घाबरली. आमच्याकडे येऊन म्हणाली, “फादर, चित्रं दाखवायची सवय लागली तर पोर बोलायचंच सोडून देईल. मग माझी आशाच संपली म्हणायची.”

ही भीती त्या एका माउलीची नव्हे, जवळजवळ प्रत्येक आईबापांची आहे. म्हणून तिचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. 2006 साली अमेरिकेतील तीन संशोधकांनी तोवरचे सारे अभ्यास चाळून पाहिले. त्यांपैकी काटेकोर पुरावा असलेल्या 27 व्यक्तींच्या नोंदींत फलक किंवा खुणा शिकवल्यामुळे एकाचेही बोलणे कमी झालेले आढळले नाही. काहींचे होते तसेच राहिले आणि दहांपैकी जवळजवळ नऊ जणांचे, थोडेफार का होईना, वाढले. कारण उघड आहे. आपले म्हणणे दुसऱ्याला कळते असा अनुभव ज्याला येतो, तोच आणखी सांगण्याची धडपड करतो. वर्षानुवर्षे कोणालाच काही न कळल्यास मूल प्रयत्न सोडून देते.

चित्रांच्या ह्या भाषेचा इतिहासही मोठा हृद्य आहे. चार्ल्स ब्लिस हा ज्यू गृहस्थ 1897 साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात जन्मला. शब्द माणसांना कसे भडकावतात, हे त्याने हिटलरच्या काळात भोगले. दाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत तो होता. त्याची पत्नी क्लेअर ही जर्मन कॅथलिक स्त्री. तिने त्याच्या सुटकेसाठी सतत खटपट केली. पुढे हे दाम्पत्य शांघाय येथे निर्वासित म्हणून राहिले. तेथील चिनी अक्षरचिन्हे पाहून, सर्व देशांच्या लोकांना वाचता येईल अशी चिन्हलिपी रचण्याची कल्पना ब्लिसला सुचली. 1949 साली त्याने तिच्यावरील ग्रंथ ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध केला, पण जगाने तिकडे पाठ फिरवली. 1971 साली कॅनडातील टोरंटो येथे शर्ली मॅकनॉटन ह्या शिक्षिकेला ती लिपी सापडली आणि बोलू न शकणाऱ्या मुलांपुढे तिने ती ठेवली. राष्ट्रांसाठी रचलेली भाषा शेवटी उपयोगी पडली ती चाकांच्या खुर्चीत बसलेल्या लेकरांना.

आपल्या मुंबईत त्याच सुमारास, 1972 साली, मिठू अलूर यांनी ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. आज ही संस्था ‘अडॅप्ट’ ह्या नावाने ओळखली जाते. त्यांची कन्या मालिनी चिब हिला मेंदूचा पक्षाघात आहे. तिने करंगळीने एकेक अक्षर टंकित करून आत्मचरित्र लिहिले आणि त्याचे नावच ‘वन लिटल फिंगर’ असे ठेवले. ज्यांना लोक मुकी समजतात त्यांच्या आत केवढे शब्दभांडार साठलेले असू शकते, ह्याचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

चांदवडच्या त्या मुलीकडे पुन्हा वळू. केंद्रातील पहिला फलक परदेशी नमुन्यावरून घेतलेला होता. त्यात पाश्चात्त्य धाटणीचे स्वयंपाकघर, बर्फात खेळणारी मुले आणि मुलीने कधीही न चाखलेले पदार्थ होते. ती त्या चित्रांकडे पाहतही नसे, आणि तिला चित्र समजत नाही असा निष्कर्ष निघण्याच्या बेतात होता. उपचारतज्ज्ञ बाई मात्र जाणत्या होत्या. त्यांनी आईला घरातील वस्तूंचे फोटो काढून आणायला सांगितले. भाकरी, पिठले, गोठ्यातली गाय, कांद्याची चाळ, आजी, अंगणातली बाज. पुढच्या खेपेस गाईच्या चित्रावर मूठ पडली आणि मुलगी खळखळून हसली.

भाषेचीही अशीच गोष्ट आहे. फलकावर रंगांनी रांगा पाडण्याची जी रीत आहे ती मुळात एडिथ फिट्झजेराल्ड ह्या कर्णबधिर अमेरिकन शिक्षिकेच्या पद्धतीवरून आलेली आहे. माणसे पिवळ्या चौकोनांत, क्रिया हिरव्या, वस्तू नारिंगी आणि गुणविशेष निळ्या चौकोनांत घालण्याचा प्रघात आहे. इंग्रजी फलकावर डावीकडून माणूस, क्रिया, वस्तू असा क्रम असतो. आपण मराठीत ‘आई पाणी दे’ म्हणतो, ‘आई दे पाणी’ नव्हे. म्हणून मराठी मुलाच्या फलकावर क्रियेची रांग शेवटी हवी. आता ह्या गरजेची जाण आपल्याकडेही आली आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘जेलो’ नावाचे चित्रसंवादाचे साधन मोबाइल फोनसाठी तयार केले आहे. ते विनामूल्य असून मराठीतही आहे. पण ज्या घरात फोन एकच आणि तोही बापाच्या खिशात, तेथे कागदाचा फलकच खरा. तो पाण्यात पडला तरी पुसून घेता येतो, आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

फलक हाती दिला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. बाळाशी आपण वर्षभर बोलत राहतो तेव्हा कोठे ते पहिला शब्द उच्चारते. त्याचप्रमाणे घरच्यांनी स्वतः बोलताना चित्रांवर बोट ठेवीत बोलले पाहिजे, तेही मुलाकडून उत्तराची घाई न करता. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहा अंक मोजून थांबावे. ज्या मुलाचा हात चित्रापर्यंत पोहोचायलाच पाच-सहा सेकंद लागतात, त्याच्या तोंडचा घास आपण उतावळेपणाने हिरावून घेतो.

आणखी एक इशारा देणे आवश्यक वाटते. मुलाचा हात आपल्या हाती धरून तो अक्षरांवर फिरवण्याची एक पद्धत 1990 च्या सुमारास अमेरिकेत पसरली होती. पुढे परीक्षा घेण्यात आल्या. मुलाला एक चित्र आणि मदतनिसाला दुसरे चित्र दाखवले, तेव्हा उमटलेला शब्द मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचा निघाला. मदतनीस लबाड नव्हते. आपणच लिहितो आहोत हे त्यांचे त्यांनाही कळत नव्हते. पण ते बोल मुलाचे नव्हते. फलक धरावा, खुर्ची धरावी, पण मुलाचे बोट धरून चालवू नये.

चांदवडच्या मुलीचा फलक काही महिने केंद्राच्या कपाटातच राहत असे. महिन्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, एवढेच तिचे बोलणे. शेवटी आईने त्याची रंगीत प्रत काढून चांदवडमधील एका दुकानातून तिला लॅमिनेशन करून घेतले. शंभर रुपयांच्या आत काम झाले. त्याच पावसाळ्यात मुलगी रात्री-अपरात्री किंचाळून रडू लागली. घरात कोणी म्हणे हट्ट, कोणी म्हणे दृष्ट. आईने शरीराच्या अवयवांचे पान पुढे धरले. मूठ कानावर पडली. पुन्हा विचारले, पुन्हा कान. डॉक्टरांना आत पू झालेला दिसला. आठवड्याभराच्या औषधाने घर शांत झाले. त्यापूर्वीच्या सात वर्षांत तिचे किती वेळा काय काय दुखले असेल, हा विचार तिच्या आईच्या मनातून अजूनही जात नाही.

पुढे तिच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचा प्रश्न आला. पोप संत दहावे पायस यांनी 1910 साली घालून दिलेला नियम स्पष्ट आहे. सर्व धर्मतत्त्वे पाठ येण्याची अट नाही, नेहमीची भाकर आणि ख्रिस्तशरीर ह्यांतील भेद मुलाला कळला पाहिजे. आम्ही दोन चित्रे केली, एक चुलीवरच्या भाकरीचे आणि दुसरे वेदीवरील पवित्र भाकरीचे. भूक लागल्यावर आई देते ते कोणते आणि प्रभू येशू स्वतःला देतो ते कोणते, असे विचारले. योगायोग नको म्हणून चित्रांच्या जागा बदलून तीन रविवार विचारले. तिन्ही वेळा तिने अचूक सांगितले. ज्यांना ‘समजत नाही’ म्हणून बाहेर ठेवले जाते, त्यांना आपण समजेल असे विचारतच नाही, ही गोष्ट खरी.

पण खरा कस लागला तो त्यानंतर. आजीने मोठ्या हौसेने झालरींचा पांढरा फ्रॉक शिवून आणला. तो अंगावर चढवताच मुलीची मूठ ‘नको’वर पडली. समजूत काढली, पुन्हा ‘नको’. घरातील मंडळी आमच्याकडे पाहू लागली. आजी म्हणाली, “एवढंसं पोर, तिला काय कळतंय? फादर, तुम्हीच सांगा.” आम्ही म्हणालो, “आजी, पवित्र भाकर कोणती हे तिने सांगितले ते आपण खरे मानले. मग हे खोटे कसे मानावे?” मानेपाशी हात फिरवून पाहिला तर झालर टोचत होती. मुलीने ख्रिस्तशरीर घेतले ते जुन्या मऊ सुती फ्रॉकमध्ये. आजी त्या दिवशी थोडी रुसली होती. पुढच्या रविवारी तिने झालर उसवून टाकलेली आम्ही पाहिली.

आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच. बहुतेक फलकांवर पाणी, जेवण, झोप, संडास ही चित्रे आधी येतात. ती हवीतच. पण तेवढ्यावर थांबलेला फलक म्हणजे आपल्या सोयीची मागणी-यादी होय. ‘नको’, ‘दुखते’, ‘थांबा’, ‘तसे नाही’, ‘मला राग आला’, ‘गंमत केली’, हे चौकोन पहिल्या दिवसापासून त्यावर असले पाहिजेत. जे मूल ‘नको’ म्हणू शकत नाही त्याला कोणीही कसेही हाताळावे, आणि त्याने कोणाला सांगू नये, अशी स्थिती निर्माण होते. मुकी लेकरे दुष्टांच्या हाती सहज सापडतात ती ह्याचमुळे. ‘नको’चे चित्र ही त्यांच्या देहाच्या दाराची कडी आहे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने ‘संवाद’ ह्या शब्दाच्या व्याख्येतच खुणा, दृश्य फलक आणि वाचेला पूरक व पर्यायी अशी साधने धरली आहेत. म्हणजे चित्रावर ठेवलेले बोट हे कायद्याच्या दृष्टीनेही बोलणेच आहे. शाळेने, दवाखान्याने, पोलीस ठाण्याने ते तसेच मानले पाहिजे, आणि मंदिराने तर त्याही आधी.

आपल्या ओळखीच्या घरांत असे एखादे मूल किंवा झटक्याने वाचा गेलेले वडीलधारे कोणी असेल. त्यांच्या भेटीस जाल तेव्हा आई-सुनेला ‘ह्याला काय हवंय?’ असे विचारू नका. खुर्ची त्यांच्यासमोर ओढून बसा, फलक कोठे आहे ते विचारा, त्यांनाच प्रश्न करा आणि दहापर्यंत मोजा. आणि उत्तर ‘नको’ असे आले, तर रागावू नका. ते त्यांचे स्वतःचे उत्तर आहे, आणि ते मिळायला कदाचित फार वर्षे लागली असतील.