वर्दी अंगावर चढण्यापूर्वी

आपल्या शाळेच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दोन तास बसण्याचे काम आम्ही निवृत्तीनंतर मागून घेतले. याच वसतिगृहाच्या भाकरीवर आम्ही दहावीपर्यंत वाढलो, येथूनच 1984 साली सैन्याच्या सिग्नल्स विभागात भरती झालो आणि सव्वीस वर्षांची नोकरी करून सुभेदार म्हणून घरी परतलो. त्यामुळे भरतीची तयारी करणारी मुले, आणि अलीकडे मुलीही, आमच्या टेबलाशी हमखास येतात. प्रश्न ठरलेला असतो : "जयभीम काका, भरतीसाठी काय वाचू?"

पुष्कळ वर्षे आमचे उत्तरही ठरलेले होते. आठवी ते दहावीचे गणित आणि विज्ञान पुन्हा करा, रोज एक वर्तमानपत्र वाचा, नकाशाचे पुस्तक उशाशी ठेवा. हे उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते. ते किती अपुरे होते, हे आम्हांस एका मुलाने दाखवून दिले. त्याचा प्रश्न पुढे येईलच. तूर्त या स्मरणिकेच्या निमित्ताने, वर्दी अंगावर चढण्यापूर्वी काय वाचावे, याचा आमच्या समजुतीप्रमाणे क्रम मांडतो.

पहिले वाचन परीक्षेचे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. दार उघडल्यावाचून घरात जाता येत नाही. अग्निवीर भरतीच्या लेखी परीक्षेत सामान्य ज्ञान, गणित आणि विज्ञान असते, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. म्हणून अंदाजाने खुणा करण्याची सवय येथेच मोडावी. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा 900 गुणांची : गणिताला 300 आणि सामान्य क्षमता चाचणीला 600, त्यांपैकी 200 इंग्रजीला. पुढची मुलाखतही 900 गुणांची असते आणि ती पाच दिवस चालते. तालुक्याच्या गावी एका शिकवणी वर्गात आमच्या दोन मुलांना 'हमखास प्रश्नांची' वही पैसे घेऊन विकली गेली. त्या वहीतील अर्धी उत्तरे चूक होती. शाळेची क्रमिक पुस्तके फुकट आहेत, बरोबर आहेत आणि वाचनालयाच्या दुसऱ्या कपाटात आहेत, एवढेच आम्ही सांगतो.

मुलाखतीच्या त्या पाच दिवसांत उमेदवाराला एकामागून एक चित्रे दाखवून गोष्टी लिहावयास सांगतात. ज्याने आयुष्यात गोष्टीच वाचल्या नाहीत, तो शिकवणीत पाठ केलेली गोष्ट उतरवून मोकळा होतो, आणि तपासणाऱ्यांना ती तत्काळ ओळखू येते. कथा-कादंबऱ्यांवर घालवलेला वेळ वाया गेला, असे समजणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे. मुलींच्या पालकांनी तर विशेषच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर प्रबोधिनीचे दार मुलींना उघडले आणि मे 2025 मध्ये पहिल्या 17 मुली तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

दुसरे वाचन नकाशाचे. हे आम्ही स्वतःच्या फजितीवरून सांगतो. लान्स नाईक असताना पदोन्नतीच्या कॅडरमध्ये रात्रीच्या चालीचे नेतृत्व आमच्याकडे आले. नकाशावरील सहा आकडी निर्देशांक वाचताना पूर्वेकडचे अंक आधी आणि उत्तरेकडचे नंतर घ्यावयाचे असतात. आम्ही ते उलट घेतले. आठ माणसे आमच्या विश्वासावर रात्रभर भलत्याच टेकाडावर चढली. उजाडल्यावर कोणी शिवी दिली नाही. एका वयस्क शिपायाने फक्त आपले बूट काढून फोड आलेली टाच आम्हांस दाखवली. ती टाच आम्ही अजून विसरलो नाही. वास्तविक भूगोलाच्या गुरुजींनी स्थलनिर्देशक नकाशा आणि समोच्च रेषा आम्हांस याच शाळेत शिकवल्या होत्या. आम्ही तो पाठ 'परीक्षेला येत नाही' म्हणून सोडला होता. 1 : 50,000 या प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ खडा, दूरदूर गेल्या की उतार सौम्य. आपल्या गावाचा असा नकाशा समोर ठेवून ओढा, टेकडी आणि पायवाट ओळखता येऊ लागली की वाचन म्हणजे काय, ते कळू लागते.

तिसरे वाचन संविधानाचे. प्रशिक्षण संपल्यावर कसम परेड होते. ध्वज समोर असतो, धर्मगुरू उभे असतात, जवान हात पुढे करून शपथ घेतो. ही निष्ठेची शपथ कोणत्या सेनापतीच्या नावाने नसते. ती संविधानाप्रती असते. आमच्याही परेडला आम्ही ती मोठ्या आवाजात घेतली. परंतु ज्या ग्रंथाची शपथ घेतली, त्याचे एक पानही आम्ही तोवर उघडलेले नव्हते. बाबासाहेबांची तसबीर घरात होती, त्यांनी ज्याच्या मसुद्यासाठी देह झिजवला तो ग्रंथ घरात नव्हता. याची लाज आम्हांस पुढे अनेक वर्षे वाटत राहिली.

निदान तीन कलमे तरी भरतीपूर्वी वाचावीत. अनुच्छेद 33 प्रमाणे संसदेला सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येते. म्हणजे वर्दी घालताना आपण काय मागे ठेवून जातो, ते तेथे लिहिलेले आहे. अनुच्छेद 18 ने पदव्या आणि किताब बंद केले, पण सैनिकी व विद्याविषयक मानचिन्हे तेवढी वगळली. आणि अनुच्छेद 51-क मध्ये देशाच्या संरक्षणाचे कर्तव्य सांगितले आहे. परंतु त्याच यादीत बंधुभाव वाढवण्याचे, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडण्याचे आणि वैज्ञानिक दृष्टी जोपासण्याचेही कर्तव्य आहे. एक घेऊन बाकीची टाकता येत नाहीत.

चौथे वाचन आपल्या इतिहासाचे. आपली मुले 1 जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभाला वंदन करतात. बाबासाहेबही 1927 साली त्याच दिवशी तेथे गेले होते. तथापि 1818 नंतर काय झाले, हे विचारले की बहुतेक मुले गप्प होतात. ज्या समाजाने लढाया लढल्या, त्याच समाजाची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद करण्यात आली. 'लढाऊ जाती' नावाची एक समजूत काढून पिढ्यांच्या सेवेवर पाणी फिरवले गेले. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर लेखणी घेऊन अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहिले. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली भरती पुन्हा सुरू करण्यासाठी सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात 1917 साली महारांची पलटण उभी राहिली आणि गरज सरताच 1921 साली मोडली गेली. अखेर 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. याच रेजिमेंटचे के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी पुढे लष्करप्रमुख झाले, आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना 1987 मधील श्रीलंकेतील पराक्रमासाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. 'लढाऊ जाती'च्या समजुतीची चिकित्सा बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील आपल्या 1940 च्या ग्रंथात केली आहे. तो भाग भरतीस निघालेल्या प्रत्येकाने वाचावा. ज्या नोकरीसाठी आपण धावण्याचा सराव करतो, तिचे दार उघडण्यासाठी कोणी किती वर्षे अर्ज लिहिले, हे तरी कळेल.

बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार हे सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते. सैन्याने त्या पिढीच्या हाती बंदुकीबरोबर पाटीही दिली. त्या घरातून पुढे काय निघाले, ते जगाला ठाऊक आहे. आम्हांस वाटते, त्यातील अधिक दूर पोहोचली ती पाटीच.

पाचवे वाचन पराभवाचे. शौर्यगाथा मुले आपणहून वाचतात, त्या वाचाव्यातच. पण ब्रिगेडियर जॉन दळवी यांचे 'हिमालयन ब्लंडर' आणि मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचे 'न सांगण्याजोगी गोष्ट' ही 1962 च्या पराभवावरील पुस्तके आम्ही मुद्दाम हाती देतो. दळवी नामका चू नदीवर ब्रिगेडचे नेतृत्व करीत होते आणि स्वतः युद्धकैदी झाले. उबदार कपडे, दारूगोळा आणि पुरेसा वेळ यांवाचून माणसे उंचीवर पाठवली की काय होते, हे त्यांनी भोगून लिहिले आहे. लढाई घोषणांवर होत नाही, हे मुलांना अशा पुस्तकांतून कळते. त्यांच्याच जोडीला 1949 च्या जिनिव्हा करारांची माहिती वाचावी. जखमी आणि शरण आलेल्या शत्रूशी कसे वागावे, याचे नियम त्यांत आहेत, आणि आपला देश त्यांना बांधील आहे.

आता त्या मुलाचा प्रश्न. पावसाळ्यातील एका रविवारी तो वह्या मिटून म्हणाला, "काका, रोज सकाळी प्रार्थनेत पंचशील घेतो. पहिलेच शील प्राण्यांची हत्या न करण्याचे. उद्या बंदूक घेणार. मग यातले खोटे कोणते?"

आम्ही सव्वीस वर्षे वर्दीत काढली होती, पण आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही त्याला 'देशाचे रक्षण म्हणजे हिंसा नव्हे' असे काहीतरी सांगितले. त्याने मान हलवली. त्याचे समाधान झाले नव्हते, आणि खरे म्हणजे आमचेही झाले नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही सहावे वाचन यादीत घातले.

त्यात पहिले, बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधील शाक्य-कोलियांच्या रोहिणीच्या पाण्याच्या तंट्याचे प्रकरण. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्यास विरोध केला आणि बहुमत विरुद्ध गेले. सैन्यात दाखल होण्यास नकार दिल्यावर कुटुंबाच्या जमिनी जाऊ नयेत म्हणून त्याने देशत्याग पत्करला. दुसरे, संयुत्तनिकायातील योधाजीवाचा संवाद. रणात मरणारा योद्धा स्वर्गात जातो ना, असे तो भगवंतांस पुन्हा पुन्हा विचारतो. भगवंत दोनदा उत्तर टाळतात आणि तिसऱ्यांदा स्पष्ट सांगतात, की मारण्याच्या इच्छेने भरलेल्या चित्ताची गती चांगली नसते. योद्धा रडतो, जुन्या गुरूंनी आपल्याला इतकी वर्षे फसवले, याचे त्याला दुःख होते. तिसरे, विनयातील नियम : राजाच्या सेवेत असलेल्या सैनिकास प्रव्रज्या देऊ नये. बिंबिसाराचे सैनिक सीमेवरील युद्ध टाळण्यासाठी संघात येऊ लागले, तेव्हा हा नियम झाला. चौथे, अशोकाचा तेरावा शिलालेख. कलिंगात एक लाख मारले गेले आणि दीड लाख माणसे उचलून नेली गेली, हे जिंकणाऱ्या राजाने स्वतः दगडावर कोरवले. मात्र कलिंगातील धौली आणि जौगड येथे हा लेख नाही. तेथे त्याच्या जागी दुसरेच लेख आहेत. आणि पश्चात्ताप व्यक्त करणाऱ्या याच लेखात वनवासी लोकांना राजा आपल्या सामर्थ्याची आठवणही करून देतो.

ही चारही वाचने त्या मुलाच्या हाती देताना आम्ही म्हणालो, "यातले एकही तुला परवानगी देत नाही आणि एकही तुला तयार उत्तर देत नाही. आम्हीही देणार नाही. पण न वाचता जाऊ नकोस. आम्ही न वाचता गेलो होतो."

तो तीन रविवार आला नाही. पुढे भरती झाला. पहिल्या रजेवर आला तेव्हा त्याने पुस्तक परत केले. शाक्य संघाच्या सभेचे पान दुमडलेले होते. आम्ही काही विचारले नाही. निघताना तो एवढेच म्हणाला, "काका, तिथे रात्री पहाऱ्यावर विचार करायला वेळ पुष्कळ मिळतो."

त्याच्या आईचा प्रश्न मात्र आमच्याजवळ अजून आहे. ती माउली म्हणाली, "भाऊ, चार वर्षांनी पोरगा परत आला तर?" 2022 पासून लागू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के जवान कायम होतात, बाकीचे सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी येतात. पहिल्या तुकडीची चार वर्षे भरत आली आहेत. चारांतील तीन मुले पुन्हा आपल्या दारात उभी राहतील. परीक्षेपुरते वाचलेले तोवर विसरलेले असेल. नकाशा, संविधान, इतिहास आणि धम्म यांचे वाचन ज्याने केले असेल, त्याच्याजवळ पैशांखेरीज आणखी काही शिल्लक राहील, असा आमचा विश्वास आहे. त्या माउलीला आम्ही हेच सांगितले. तिला ते पुरले की नाही, ठाऊक नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. आपल्या वाचनालयात संविधानाच्या मराठी प्रती आज तीनच आहेत, त्यांतील एक सुटी झालेली आहे. आपल्या भागाचा स्थलनिर्देशक नकाशा एकही नाही. या वर्षी शाळेला भेट देताना शाल आणि पुष्पगुच्छ आणू नये. यांपैकी एखादी वस्तू आणावी. रविवारी सकाळी आम्ही तेथे असतोच.

जयभीम.