वाडीतून वजा

३ जून २०२०. भर दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगावर आलं. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा. त्यानं पाडलेलं पंचनाम्यात लागलं. मागाहून गेलं, त्यातलं थोडं इथे.

सावली. पोफळीला ऊन सोसत नाही. पश्चिमेकडचं तर मुळीच नाही, खोड भाजतं. म्हणून आगर दाटीचं. वर माड, खाली पोफळी, पोफळीवर मिरवेल, मधल्या जागेत केळी, जायफळ. वरचे माड आडवे झाले आणि वाचलेल्या पोफळी उघड्या पडल्या. वादळात मोडलेलं झाड मोजता येतं. पुढच्या उन्हाळ्यात करपलेलं कोणाच्या नावावर लावायचं?

झेप. सुपारी पाडणारा पोफळीवर चढायचा, शेंडा हेलकावत न्यायचा आणि शेजारची पोफळ धरून तिच्यावर जायचा. अशी बरीच झाडं उरकून मगच खाली. त्यासाठी झाडं बरोबरीच्या उंचीची आणि लगटून हवीत. मधल्या चार गेल्या की दर झाडाला नवी चढण, नवी उतरण. मजुरी वाढते ती वेगळीच. पण शिकणाऱ्या पोरानं झेप घ्यायची कुठून कुठे?

विरी. पोफळीच्या गळलेल्या झावळीचं रुंद बूड. तिच्यावर एकानं बसायचं, दुसऱ्यानं झावळीला धरून फरफटत न्यायचं. विकत न मिळणारी गाडी.

काचेचं कौल. स्वयंपाकघरात चुलीपुढे दुपारपर्यंत उजेड पाडणारं. छपरं उडाल्यावर पावसाच्या तोंडी मिळाले ते पत्रे घातले. आता भरदिवसा दिवा लावावा लागतो. आणि त्या जूनमध्ये तर कित्येक आठवडे वीजच नव्हती.

रहाट. हा वादळानं नेला नाही, विजेच्या पंपानं आधीच नेला होता. पंप मुका झाला, तेव्हा विहिरीवर दोर आणि बादली घेऊन उभं राहिल्यावर त्याची आठवण झाली, म्हणून इथे नोंद.

मेर. भावाभावांच्या वाटण्यांत गडगा कुणी घातला नव्हता. अमुक माडापर्यंत तुझं, पुढे माझं. माडच मुळासकट उपटला. पुढचं तलाठी जाणे.

भरपाई आधी हेक्टरी ५० हजार जाहीर झाली. इथे हेक्टरात बोलतो कोण? वाड्या गुंठ्यांच्या. गुंठ्याला पडले पाचशेच्या आसपास. नऊ फुटांच्या अंतरानं गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी बसतात. म्हणजे झाडामागे चाळीसही नाहीत. आडवी खोडं तोडून वाडीबाहेर काढायची मजुरी त्यातूनच.

रोठा मात्र गेलेली नाही. आत पांढरा भाग जास्त, अडकित्त्याला मऊ, ती श्रीवर्धनची सुपारी. रोपं मिळतात, लोकांनी लावलीही. पण रोपालाही सावली लागते, म्हणून आधी केळी लावायच्या. मग पोफळ धरायला सहा-सात वर्षं. वाडी लावणाऱ्यांत सत्तरीचेही आहेत.