उन्हातला सामना आणि पाण्याची बाटली

एप्रिल उजाडला, की पुण्या-नागपूरकडच्या नात्यातल्या मुलांचे फोन येऊ लागतात. "काका, चेपॉकला सामना बघायला येतोय. काय घालू, काय आणू?" वेस्ट मांबलममध्ये राहणाऱ्या आणि सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या माणसाला या प्रश्नाची दोन उत्तरे सुचतात. एक घरातल्या वडीलधाऱ्याचे आणि दुसरे प्रशासकाचे. पहिले सोपे आहे, म्हणून ते आधी देतो.

नागपूरच्या मुलाला पंचेचाळीस अंशांची सवय असते. चेन्नईचे सदतीस-अडतीस त्याला किरकोळ वाटतात आणि तिथेच तो फसतो. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि वाळताना अंग निववतो. येथील दमट हवेत घाम नुसताच निथळत राहतो. भारतीय हवामान खात्यानेही उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशासाठी किमान ४० अंशांची मर्यादा धरली आहे आणि किनारपट्टीसाठी ३७ अंशांची. त्यात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून जवळजवळ अखेरीपर्यंत येथे 'अग्निनक्षत्रम्' असते. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. मरीनाच्या कुशीत असलेल्या चेपॉकला तो आधी लाभतो, आम्हा मांबलमकरांना उशिरा. ज्या दिवशी पश्चिमेचा कोरडा वारा जोर धरतो, त्या दिवशी समुद्राचा वारा लांबतो आणि दुपारी साडेतीनचा सामना परीक्षा पाहतो.

तेव्हा कपडे सुती, सैल, फिक्या रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. रस्त्यावर मिळणारा पिवळा पॉलिस्टरचा सदरा हौसेला ठीक. पण तो घालायचाच असेल तर सूर्य कलल्यावर घालावा. क्रिकेटची टोपी कपाळ झाकते, मान उघडी टाकते. म्हणून चहूबाजूंनी कडा असलेली सुती टोपी बरी. खांद्यावर पंचा घ्यावा. येथील वडीलधारी माणसे खांद्यावर 'तुंडु' टाकतात, त्यामागे शेकडो उन्हाळ्यांचे शहाणपण आहे. भिजवून मानेवर ठेवलेल्या पंचाइतके स्वस्त शीतयंत्र दुसरे नाही. निघण्यापूर्वी ताक प्यावे. येथे त्याला 'नीर मोर' म्हणतात. मांबलमहून लोकलने पार्क स्थानक, तेथून चालत शेजारच्या पार्क टाउनला आणि पुढे गाडीने चेपॉक. पार्किंगच्या शोधात उन्हात अर्धा तास भाजून घेण्यापेक्षा हे बरे. खिशात क्षारसंजीवनीची दोन पाकिटे असावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शेजारचा माणूस असंबद्ध बोलू लागला, किंवा त्याचे अंग तापून कोरडे पडले, तर तो उत्साहाचा भर समजू नये. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी मात्र घालू नये.

वडीलधाऱ्याचे उत्तर येथे संपते. मात्र ते अपुरे आहे. कारण उन्हाळ्यात सर्वांत आधी जवळ हवी ती पाण्याची बाटली आणि छत्री, आणि नेमक्या या दोन वस्तू देशातल्या बहुतेक मैदानांच्या दारावर काढून घेतल्या जातात.

या मनाईला कारण आहे, हे मान्य केले पाहिजे. १३ मार्च १९९६ रोजी ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. चेपॉकवर १० एप्रिल २०१८ रोजी कावेरीच्या प्रश्नावरून बूट भिरकावले गेले आणि चेन्नईचे उरलेले घरचे सामने पुण्याला हलवण्यात आले. बूट कोणी दारात काढून घेत नाही, बाटली घेतात. असो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक साधी गोष्ट दिसते. दाराबाहेर पाणी विकणारे दहा जण असतात, दाराच्या आत विक्रेता एकच. तहान ही अशी मागणी, की भाव वाढला म्हणून ती कमी होत नाही. म्हणजे दारावरच्या एका नियमाने आत एक मक्तेदारी जन्माला येते. ही मक्तेदारी बाजाराने निर्माण केलेली नसते. ती सुरक्षेच्या आदेशाने निर्माण केलेली असते. म्हणून तिचे दायित्वही आदेश काढणाऱ्याकडे जाते. माझ्या मते तत्त्व एवढेच: ज्याने बाटली काढून घेतली, पाणी देण्याची जबाबदारी त्याची. फुकट, भरपूर आणि बसल्या जागेपासून चालत जाता येईल इतके जवळ.

मैदानावरच्या खेळाडूची काळजी घेणारी यंत्रणा असते. सप्टेंबर १९८६ मध्ये बरोबरीत सुटलेल्या चेपॉक कसोटीत डीन जोन्सने २१० धावा केल्या, आणि नंतर त्याला रुग्णालयात नेऊन सलाईन लावावे लागले. २१ मे १९९७ रोजी येथेच सईद अन्वरने १९४ धावा काढल्या, त्या बऱ्याचशा धावा दुसऱ्याच्या पायांनी. त्याला रनर मिळाला होता. प्रेक्षकाला रनर मिळत नाही. त्याच्यासाठी ठरल्या वेळी पाणी घेऊन धावत येणारा बारावा गडीही नसतो.

हा विषय क्रिकेटच्या गमतीपुरता राहिलेला नाही, याची आठवण आम्हा मराठी माणसांना वेगळी करून द्यायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात उघड्या मैदानावर झाला. व्यासपीठावर छत होते, मैदानावर नव्हते. १४ श्रीसदस्य गेले. पुढच्याच वर्षी, ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, चेपॉकपासून हाकेच्या अंतरावर मरीनावर हवाई दलाची प्रात्यक्षिके झाली. वेळ भर दुपारची, सावली नाही, लाखोंची गर्दी. पाच जण दगावले. छत्री, पाणी, टोपी घेऊन या, अशी सूचना आधीच दिली होती, असे नंतर सांगण्यात आले.

ती सूचना चुकीची नव्हती. आम्ही सरकारी माणसे सूचना मनापासून देतो. पण सूचना दिली की कर्तव्य पार पडले, ही आमच्या फायलींची जुनी सवय आहे. सूचना वाचणारा माणूस एकटा असतो, तो दोन लिटर पाणी उचलू शकतो. लाखोंच्या गर्दीत ते तासाभरात संपते, आणि बाहेर पडायला वाट नसते. तेथून पुढे त्याच्या हातात काही उरत नाही. जे असते ते आयोजकाच्या आणि परवानगी देणाऱ्याच्या हातात. कार्यक्रमाच्या परवानगीचे जे कागद माझ्या पाहण्यात आले, त्यांत ध्वनिक्षेपक, वाहनतळ, अग्निशमन यांच्या अटी तपशीलवार असत. उन्हाचा उल्लेख क्वचितच दिसे. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. तामिळनाडूने ऑक्टोबर २०२४ मध्ये उष्णतेची लाट राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली. आता ही जाणीव परवानगीच्या कागदावर उतरली पाहिजे. भर दुपारची वेळ टाळावी, डोक्यावर छत असावे, पाण्याचे नळ माणसांच्या संख्येच्या हिशेबात असावेत, रुग्णवाहिकेची वाट मोकळी असावी. या चार अटींना नवा कायदा लागत नाही.

चेपॉकची काही प्रेक्षागारे २०११ च्या विश्वचषकापूर्वी नव्याने बांधली, तेव्हा जुने काँक्रीटचे छप्पर जाऊन तंबूसारखी हलकी पांढरी छते आली, आणि समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रेक्षागारांमध्ये मोकळी जागा सोडली गेली. सावली आणि वारा नकाशावरच आखता येतात, प्रेक्षकाने पिशवीत घालून आणावे लागत नाहीत.

आमच्या भागात उन्हाळा लागला, की कोपऱ्याकोपऱ्यावर 'तण्णीर पंदल' उभे राहते. आपली पाणपोईच ती. माठ, पेला आणि वर झावळ्यांचे छप्पर. रामनवमीला गुळासुंठीचे पानकम् आणि नीर मोर वाटतात. तेथे कोणी येणाऱ्याला विचारत नाही, की घरून पाणी का आणले नाहीस.