डिझेल कुठे वाढलंय?

२०२३ च्या जूनमध्ये मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या पालकांनी शाळेच्या व्हॅनवाल्या काकांशी बोलायचं काम माझ्यावर टाकलं. काकांना मुलामागे महिन्याला दोनशे रुपये वाढवून हवे होते.

"काका, डिझेल कुठे वाढलंय?" मी म्हटलं. "मागच्या जुलैपासून चौऱ्याण्णव रुपये सत्तावीस पैसेच आहे."

त्यांनी खिशातून छोटी वही काढली. गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, टायर, गॅरेज. दर महिन्याच्या पानावर डिझेलचा आकडा सगळ्यात मोठा, खाली दोन रेघा मारलेला. मी दोन-चार पानं चाळून वही परत दिली आणि शंभरावर तोडलं. पालकांचे पैसे वाचवले, याचं समाधानही वाटलं.

माझा हिशेबच चुकला होता. भाव वाढला नाही एवढंच मी पाहिलं. तो उतरायला हवा होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. भारत विकत घेतो ते कच्चं तेल जून २०२२ मध्ये सरासरी पिंपाला ११६ डॉलरच्या घरात होतं. वर्षभरात ते ७५ डॉलरवर आलं. मुंबईतल्या पंपावरचा भाव मात्र जुलै २०२२ नंतर तसूभर हलला नाही. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांचा २०२३-२४ चा नफा मिळून सुमारे ८१ हजार कोटी रुपये झाला. एकट्या इंडियन ऑइलचा ३९ हजार कोटींच्या वर. आदल्या वर्षी तो सव्वाआठ हजार कोटी होता. तेल महागलं तेव्हा आम्ही तोटा सोसून भाव रोखला, असं कंपन्या सांगतात. ते खोटं नाही. हिंदुस्तान पेट्रोलियमचं २०२२-२३ हे वर्ष तोट्यातच गेलं. पण एवढा नफा होऊ लागल्यावरही भाव तिथेच का राहिला? इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियममध्ये निम्म्याहून जास्त हिस्सा केंद्र सरकारचा आहे, म्हणून तर हा प्रश्न जास्तच टोचतो. लिटरमागे दोन रुपयांची कपात लागू झाली ती १५ मार्च २०२४ ला, लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी.

काकांच्या वहीतला टायरचा खर्चसुद्धा मी विचारून घेतला होता. डिझेलच्या आकड्याचा जाब कुणाला विचारायचा, हे मात्र आम्हा पालकांपैकी कुणालाच सुचलं नाही.

दिवाळीनंतर काकांनी व्हॅनमध्ये दोन मुलं जास्त घेतली. मागच्या सीटवर मुलं एकमेकांना खेटून, दप्तरं मांडीवर. मुलं कोंबता म्हणून त्यांना चारचौघांत झापणारीही मीच.

पुढच्या जूनमध्ये वाढीचा विषय सभेत मी स्वतः मांडला. ती मंजूर झाली, पण मिळाली नव्या व्हॅनवाल्याला. काकांनी परीक्षा संपताच गाडी विकली होती आणि ते आता दुसऱ्याचा टेम्पो चालवत होते. मी फोन करून माझं चुकलं म्हटलं.

"ताई, सगळेच पालक तसं म्हणत होते," ते म्हणाले.

म्हणत असतील. पण त्यांच्या हातात तो चौऱ्याण्णव सत्तावीसचा मुद्दा मी दिला होता.