सातच्या आत दिवा?

आषाढ अमावस्या जवळ आली की ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय असतो. गटारी! कुठे बसायचं, कोण काय आणणार, श्रावण पाळणारे किती आणि 'पाळणार' असं नुसतं म्हणणारे किती... कॅलेंडरच्या त्याच चौकोनात मात्र वेगळंच नाव छापलेलं असतं. दीप अमावस्या. दिव्यांची पूजा करायचा दिवस. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हे गावीही नसतं.

माझ्या आजीच्या गावी मात्र हा मोठा सण होता. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (2024 पर्यंतचं अहमदनगर, आम्ही घरात अजून नुसतं 'नगर'च म्हणतो) नेवासा तालुक्यात तिचं घर. त्या दिवशी माळ्यावरचे, फडताळातले, देवघरातले सगळे दिवे खाली यायचे. समई, निरांजनं, लामणदिवा, लोडशेडिंगच्या दिवसांत घेतलेला कंदीलसुद्धा. चिंच आणि राख लावून घासले की पितळ असं झळकायचं की बघत राहावं! मग पाटावर ओळीनं मांडणी, भोवती रांगोळी, हळदकुंकू. नैवेद्याला कणीक आणि गुळाचे उकडलेले दिवे, त्यावर साजूक तुपाची धार. "वर्षभर राबतात बिचारे. एक दिवस तरी त्यांना बसवून हात जोडावेत," असं आजीचं म्हणणं. आमच्या एचआरवाल्यांना हे वाक्य फ्रेम करून द्यायला हवं.

मास कम्युनिकेशन करत असताना प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारायची खोड लागली होती. एका सुट्टीत आजीलाच विचारलं, "देवाला अंधारात दिसत नाही का गं? मग दिवा कशाला?"

"त्याला कशाला लागतोय? दिवा लावायला तू घरात येतेस ना, तेवढ्यासाठी," ती म्हणाली आणि वाती वळत बसली.

कीर्तनात किंवा पुस्तकात दिव्याचा अर्थ जरा वजनदार शब्दांत सांगतात. तेल म्हणजे वासना, वात म्हणजे अहंकार, ज्योत म्हणजे ज्ञान. वासना आणि अहंकार जळत जातात तसा उजेड पडतो. सुंदर आहे हे, शंकाच नाही. पण मला दिव्याचा अर्थ त्याच्या मेंटेनन्समध्ये जास्त दिसतो.

म्हणजे बघा. वाटीतल्या तेलाला काडी लावली तर ते सहजासहजी पेटत नाही. कापसाच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून तेल वर चढतं, शाळेत शिकलेलं तेच केशाकर्षण. ज्योतीच्या उष्णतेनं त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. वात तेलात बुडाली की दिवा गेला. कोरडी पडली तरी गेला. मधूनमधून काजळी झाडायची, वात पुढे सरकवायची, तेल घालायचं. ट्यूबलाइटचं बटण एकदा दाबलं की आपण तिला विसरू शकतो. दिवा तसं विसरू देत नाही. आपली भाषासुद्धा त्याला जिवंत मानते. देवापुढचा दिवा 'विझला' असं जुनी माणसं म्हणत नाहीत, 'शांत झाला' म्हणतात. त्याच्यावर फुंकर मारत नाहीत, फुलानं हळूच शांत करतात.

आजीच्या तालुक्याचं तर दिव्याशी सातशे वर्षांहून जुनं नातं आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. ते ज्या खांबाला टेकून बसले असं मानतात, तो 'पैसचा खांब' आजही तिथल्या मंदिरात आहे. आपण त्या ग्रंथाला ज्ञानेश्वरी म्हणतो. पण त्याचं दुसरं नाव भावार्थदीपिका. दीपिका म्हणजे छोटा दिवा! गीतेचा उजेड संस्कृतात होताच. पण ज्यांना संस्कृत येत नव्हतं, त्यांच्या ओसरीवर तो पोचायला कुणीतरी बसून दिवा लावावा लागला.

जिल्ह्यातली दुसरी गोष्ट शिर्डीची. दाभोलकरांनी लिहिलेल्या 'श्रीसाईसच्चरिता'त ती येते. साईबाबांना दिव्यांची भारी आवड. मशिदीत, म्हणजे आज आपण जिला द्वारकामाई म्हणतो तिथे, ते रात्रभर दिवे तेवत ठेवायचे. तेल गावातल्या वाण्यांकडून मागून आणायचे. एक दिवस वाण्यांनी ठरवून 'तेल नाही' सांगितलं. बाबा काही न बोलता परतले, टमरेलात उरलेल्या थेंबभर तेलात पाणी घातलं, ते पिऊन टाकलं आणि मग दिव्यांत नुसतं पाणी ओतलं. दिवे रात्रभर जळत राहिले, असं गोष्ट सांगते.

चमत्कार मानायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्या चमत्काराच्या आधीचा भाग आवडतो. हातात टमरेल घेऊन पुन्हापुन्हा दुकानाच्या पायरीशी उभं राहायचं. मशिदीतला दिवा, वाण्याचं तेल, मागणारा फकीर. उजेड मात्र येईल त्याचा. तेलाचा स्टॉक भरून ठेवला असता तर ही रोजची भेटच झाली नसती.

आता हे सगळं थिअरीत ठीक होतं. प्रॅक्टिकल झालं ते आजी गेली तेव्हा.

तिला जिथे ठेवलं होतं, तिथेच आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दिवा लावला. ज्योत दक्षिणेकडे, खाली परातीत पीठ पसरलेलं. गेलेल्या माणसाचा पुढचा जन्म कुठला, त्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणतात. दहा दिवस हा दिवा जाऊ द्यायचा नाही. म्हणजे रात्रीच्या पाळ्या आल्या. हिंजवडीत अमेरिकन क्लायंट सांभाळणारा माझा चुलतभाऊ लगेच म्हणाला, "बारा ते दोन माझी. मला तशीही जागायची सवय आहे." दोन ते चार काका, चारपासून पुढे पप्पा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शेताचा बांध आणि विहिरीचं पाणी यांवरून काका आणि पप्पा सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप असायचे, ते आजीमार्फत. आता आजीच नव्हती. आणि दिवा असा, की दुसरा येऊन बसल्याशिवाय पहिल्याला उठता येत नाही.

पहिल्या दोन रात्री दोघांनी खाकरण्यावर भागवलं. तिसऱ्या रात्री मी जागीच होते. काका उठता उठता म्हणाले, "तेल घातलंय. वात आत गेलती, सरकवलीय."

पप्पा जरा वेळ दिव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं केलं. चहा टाकू का?"

बस, एवढंच! सिनेमात असतं तसं गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. दहाव्या दिवशी पिठात कुणाला गाईचं खूर दिसलं, कुणाला चिमणीचं पाऊल, मला काहीच दिसलं नाही. केस अजून चालू आहे. फक्त तारखेला दोघं आता एकाच गाडीतून जातात. आत्मा, पुढचा जन्म यांवर माझं मत विचाराल तर मला बोलता येणार नाही. पण त्या दिव्यानं दोन माणसांना रात्री चार वाजता एका खोलीत आणलं, हे मी पाहिलंय. माझ्यापुरता अध्यात्म या शब्दाचा अर्थ त्या खोलीत आहे.

राहता राहिला आपला प्रश्न. दिवेलागणीला, म्हणजे साधारण सातला, तुम्ही-आम्ही असतो कुठे? मीटिंगमध्ये, नाहीतर सिग्नलला. पुण्यात राहायला आले तेव्हा मी आजीला फोनवर विचारलं होतं, रात्री साडेनऊला लावलेला दिवा चालतो का म्हणून. मला वाटलं, आता शास्त्र ऐकावं लागणार. ती म्हणाली, "तू घरी येतेस तीच दिवेलागण."

बाजारात हल्ली सेलवर चालणाऱ्या छान एलईडी पणत्या मिळतात. वाऱ्यानं जात नाहीत, तेलाचे डाग नाहीत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये मालकाची कटकट नाही. सोय म्हणून वाईट काहीच नाही. पण त्यांना आपली गरज नसते. आपण नसलो तरी त्या लुकलुकत राहतात.

म्हणून एखादं छोटं निरांजन आणाच. देव मूर्तीत की फोटोत, तेल तिळाचं की शेंगदाण्याचं, वेळ सातची की दहाची, याचं टेन्शन घेऊ नका. एकच पथ्य पाळा. दिवा लावून लगेच बाहेर पडू नका. तेल पुरेल तेवढा वेळ घरात थांबा. आगीच्या दृष्टीनंही तेच शहाणपणाचं!